हवालदारांची हजेरी

ऑफिसातल्या माझ्या पहिल्याच दिवशी हवालदारांनी टेबलावर चार कार्डं ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही चार मानसं टाइपाला घ्या. आन खिडकीपाशी ठिवू नका, उडत्याली." मी दाराकडे बघितलं. दारात कुणीच नव्हतं. मग कळलं की माणसं म्हणजे ही कार्डं. त्या गृहस्थांनी उभ्या नोकरीत कार्डाला कार्ड म्हटलं नाही. कुणाचं नाव यादीत गेलं की "मानूस निघाला" म्हणायचे, आणि एखादं कार्ड चुकीच्या कप्प्यात सापडलं की "ह्येला कुनी हितं आनून सोडलं?" असं ओरडायचे. आम्ही सगळे मान खाली घालून कामाला लागायचो.

आमचं ऑफिस साताऱ्यात होतं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते राहू द्या. काम एवढंच, की शिकलेल्या आणि रिकाम्या माणसांची नावं नोंदवून घ्यायची. एखाद्या खात्यात जागा निघाली की आमच्याकडून नोंदणीच्या क्रमानं यादी जायची आणि यादीतल्यांनाच मुलाखतीचं बोलावणं यायचं. यादीत नाव नाही तर बोलावणं नाही, मग तुम्ही कितीही हुशार असा. बाहत्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. खडी फोडायला गेलेली मॅट्रिक पास पोरं हातावरचे फोड घेऊन नाव नोंदवायला यायची. वडूज, दहिवडीकडच्या एस.ट्या सकाळी आल्या की आमच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची.

आणि ही सगळी नावं हवालदारांच्या ताब्यात. लाकडी कपाटं, त्यांत लांब खण, खणांत कार्डं. पलटणीत ते कारकून होते, हवालदार म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे आले. शिपाई कौतुकानं सुभेदार म्हणायला गेला तर चिडायचे. "जेवडं हाय तेवडंच म्हनायचं," म्हणायचे. ऐन उन्हाळ्यात पायांत पॉलिश केलेले बूट आणि गळ्यात लष्करी मफलर. खुर्चीत कधी बसले नाहीत. एक स्टूल होतं, त्यावर कपाटांकडे तोंड आणि साहेबांच्या खोलीकडे पाठ करून बसायचे. साहेबांनी एकदा हे बोलून दाखवलं. हवालदार म्हणाले, "सायेब, तुमच्याकडं पाठ केली तर तुमी कुठं जात न्हाई. ह्येंच्याकडं केली तर ही जात्यात."

माणूस सोपा नव्हता. एका कारकुनानं कार्डावर चहाचा कप ठेवला म्हणून त्याच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत, आणि ऑफिसातला चहा तर वर्षभर प्यायले नाहीत. लांब केस ठेवलेल्या पोराला आधी न्हाव्याकडे पिटाळायचे, मग नोंदणी. फलटणकडचा कुणी आला की "आरं, घरात ऊस हाय, हितं काय करतूस?" असं तोंडावर विचारायचे. पण त्याचं कार्ड जिथं जायचं तिथंच जायचं, एक घर पुढं नाही की मागं नाही. कुणी आमदाराची चिठ्ठी आणली तर ती चिठ्ठी वाचून, घडी घालून, आणणाऱ्याच्याच खिशात परत ठेवायचे.

त्यांची एक खोड मात्र ऑफिसात सगळ्यांच्या डोक्यात जायची. नाव, बापाचं नाव, शिक्षण, जन्मतारीख हे सगळं भरून झालं की खरी चौकशी सुरू व्हायची. "आईचं नाव काय? आई कुठली? घर कसं वळखायचं?" पोरगं चक्रावून जायचं. नोकरीचा आणि आईचा काय संबंध? हवालदार कार्ड उलटं करायचे आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीनं बारीक लिहायचे. मी पुढं ती कार्डं वाचायची, रिकाम्या वेळात, चोरून. 'आई ताराबाई. ओढ्यापलीकडं घर. डावखुरा.' 'आई चंद्रा, माहेर कोरेगावाकडचं. बोलताना अडतो, गणित पक्कं.' 'दोन भाऊ पलटणीत. ह्येचा डोळा अधू, म्हणून ऱ्हायला.' सरकारी कार्डाची मागची बाजू कोरी ठेवावी असा नियम होता. साहेबांनी तो दाखवला. हवालदार म्हणाले, "पुढची बाजू सरकारची. मागली माजी." साहेब भिडस्त होते, त्यांनी नियमाचं पुस्तक मिटलं.

मी विचारलं होतं, "कशासाठी एवढं लिहिता?"

"बाई," ते म्हणाले, "पुढून सगळी सारखीच दिसत्यात."

तेव्हा मला ते त्यांचं नेहमीचं तिरकं बोलणं वाटलं. त्यात किती खरं आहे ते कंपनी आल्यावर कळलं.

मुंबईहून पत्र आलं. नावांच्या याद्या ठेवण्याचं काम आता यंत्रावर होणार, आणि ते यंत्र सरकारचं नाही, पुण्याच्या एका खाजगी कंपनीचं. आमची कार्डं उतरवून न्यायची, पुण्यात जाड कागदाला भोकं पाडून ती यंत्राला खायला घालायची आणि यंत्रानं याद्या छापून द्यायच्या. कंपनीचा इंजिनिअर आला तो टाय लावून. चांगला मुलगा होता, हसतमुख. त्यानं आम्हाला सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आम्हाला कंत्राटदार समजू नका. आम्ही सरकारचे भागीदार आहोत."

"भागीदार," हवालदार मागून म्हणाले. "मग मानसं कुनाच्या वाट्याला?"

सगळे हसले. तोही हसला. हवालदार हसले नाहीत.

खरं सांगायचं तर मी कंपनीच्या बाजूची होते. एकेक यादी चार-चार प्रतींत टाइप करून माझी बोटं संध्याकाळी वाकायची नाहीत. यंत्र येतंय म्हटल्यावर मी घरी देवापुढं साखर ठेवली होती, ही गोष्ट हवालदारांना मी कधी सांगितली नाही. कंपनीची माणसं महिनाभर आमच्याकडे बसून चौकटीचौकटींच्या कागदांवर नावं उतरवत होती, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एका चौकटीत एक अक्षर. नाव, बापाचं नाव, आडनाव, तालुक्याचा आकडा, जन्मतारीख, शिक्षणाचा आकडा. गावाला चौकट नव्हती. हवालदार त्यांच्या डोक्याशी उभे राहायचे.

"आन मागलं?"

"मागे काही नसतं, हवालदार."

"उलटं करून बगा की."

इंजिनिअरनं उलटं करून बघितलं, वाचलं, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखा म्हणाला, "याला रकाना नाही हो."

दोन महिन्यांनी छापील यादी आली. कडेला भोकं असलेला, घडीवर घडी घातलेला लांबच लांब कागद. त्याबरोबर कंपनीचं पत्र, की यादीतली दुबार नावं यंत्रानं शोधून काढून टाकली आहेत. दुबार नावं असायची, हे खोटं नाही. लवकर नंबर लागावा म्हणून काही पोरं दोनदा नोंदणी करायची. नाव, बापाचं नाव, आडनाव, तालुका आणि जन्मतारीख तंतोतंत जुळली तर माणूस एकच, असं यंत्राला सांगितलेलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाला हे पटेल. साहेबांना मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं. पाठोपाठ दुसरं पत्र आलं, की आता जुनी कार्डं मेअखेरपर्यंत रद्दीत काढावीत आणि तसा दाखला पाठवावा.

त्याच आठवड्यात मारुती रामा माने आला.

वडूजच्या पलीकडच्या एका वाडीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. घरात पहिला मॅट्रिक झालेला. जंगल खात्यात गार्डांची भरती निघाली होती, तिची यादी पंधरा दिवसांत जायची होती. म्हणून नाव आहे ना, एवढं बघायला आला होता. मी नव्या यादीत बोट फिरवलं. मारुती रामा माने होता, पण नोंदणीचा नंबर ह्याच्या पावतीवरचा नव्हता. रद्द नावांच्या कागदावर ह्याचा नंबर सापडला.

"तुमचं नाव दुबार म्हणून रद्द झालंय," मी म्हणाले. "तुम्ही दोनदा नोंदवलं होतं."

"बाई, मी येकलाच हाय," तो म्हणाला.

मी त्याला पुढच्या खेपेला परत नाव नोंदवायला सांगितलं. तो म्हणाला, "फुडच्या खेपंला न्हाई जमायचं. येक जूनला माजं वय सरतंय."

हवालदार स्टुलावरून उठले. खण ओढला आणि दोन कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली. दोन्हीवर मारुती रामा माने, दोन्हीवर खटाव तालुका, दोन्हीवर एकाच सालातला एक जून. मग त्यांनी दोन्ही उलटी केली. एकावर होतं, 'आई सगुणा. मेंढरं. वाडीवर घर.' दुसऱ्यावर, 'आई हौसाबाई. बाप गवंडी. घर मारुतीच्या देवळाला लागून.'

ह्या एक जूनचं सांगायला हवं. आमच्याकडे पोराला शाळेत आणलं की गुरुजी विचारायचे, कधी जन्मलं? आई सांगायची, विहीर खणली त्या साली, नाहीतर मेंढरं घेऊन खाली गेलो होतो तेव्हा. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे. पोचला तर सहा वर्षांचा. शाळा जूनला सुरू होणार, म्हणून तारीख एक जून. हिशेब मिटला. आमच्या मुलखात निम्मी माणसं एक जूनची. आणि प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ, म्हणून प्रत्येक गावात मारुती. पुण्याच्या यंत्राला हे कुठून ठाऊक असणार? त्या टायवाल्या मुलाची आई दवाखान्यात बाळंत झाली असणार, त्याला तारीखच काय, वेळसुद्धा माहीत असणार.

हवालदार दोन्ही कार्डं घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, कंपनीला कळवतो, पुढच्या फेरीत दुरुस्ती होईल. फेरी कधी? जुलैत. तोवर मानेचं वय उलटणार होतं. "आणि आत्ता शाबासकीचं पत्र आलंय हो," साहेब कळवळून म्हणाले. "आत्ताच कसं लिहू, की चूक झाली?"

त्या दिवसापासून हवालदारांनी रद्द नावांचा कागद मांडीवर घेतला आणि एकेक नाव खणांतून बाहेर काढायला लागले. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीतसुद्धा उठले नाहीत, भाकरी उभ्यानं खाल्ली. कागदावरच्या निम्म्याहून जास्त नावांना खरोखर दोन वेगवेगळी माणसं होती. रद्दीवाल्याची गाडी दाराशी आली तेव्हा साहेबांनी कपाटांची किल्ली मागितली.

"देतो," हवालदार म्हणाले. "पन पावती द्या. आमूक मानूस मिळाला, तमूक मानूस मिळाला, आशी येकेक नावाची. आन खाली सई तुमची."

रद्दीवाला रिकामी गाडी घेऊन गेला. साहेबांनी चिडून मुंबईला कळवलं, आणि मुंबईहून मोठे साहेब कंपनीच्या इंजिनिअरला घेऊन स्वतः येतो म्हणाले. वार ठरला. यादी जायच्या आदला दिवस.

हवालदारांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला, स्वतःच्या खिशातून आणलेला. "बाई, माजं आक्षार पोस्टमनला लागत न्हाई. पत्ते तुमी लिवा." मी लिहिले. मजकूर त्यांनी सांगितला तसा, 'अमुक वारी सकाळी अकराला ऑफिसच्या आवारात समक्ष हजर राहणे.' खाली सही नाही, शिक्का नाही. मला विचाराल तर त्या वेळी मी फार शूर वगैरे नव्हते. पण "मी येकलाच हाय" हे वाक्य मीच ऐकून घेतलं होतं आणि मीच त्याला परत पाठवत होते, ते काही केल्या गिळवत नव्हतं.

त्या दिवशी मोठ्या साहेबांची जीप आवारात शिरली ती थांबलीच, कारण पुढं जायला वाट नव्हती. चिंचेखाली माणसंच माणसं. पटकेवाले, टोपीवाले, शर्ट खोचलेले, कुणी शेरडं विकायला आणली होती ती बरोबर घेऊन. हवालदार बुटांना नवं पॉलिश करून पायरीवर उभे होते. हातात रद्द नावांचा कागद. मोठे साहेब उतरायच्या आत त्यांनी आवाज दिला.

"मारुती रामा माने!"

"हजर!" दोन आवाज, आवाराच्या दोन टोकांनी.

"सायेब बगत्यात, फुडं या की रं!" दोघं पुढं आले. एक काळा, काटक, खांद्यावर घोंगडं. दुसरा बुटका, गोरटेला, हातांना चुना. शेजारी शेजारी उभे राहिले आणि एकमेकांकडे बघून त्यांना हसू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते.

"आईचं नाव?"

"सगुना." "हौसाबाय."

पुढचं नाव. पुन्हा दोन आवाज. पुढचं नाव, पुन्हा दोन. इंजिनिअर जीपमधून उतरला आणि पायरीपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. एका नावाला मात्र एकच आवाज आला. हवालदारांनी पुन्हा पुकारलं. तोच पोरगा, मान खाली घालून म्हणाला, "मीच हाय. दोन बारी नाव लावलं हुतं." हवालदारांनी कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच्या नावावर काट मारली. "ह्यो दुबार. ह्या जागंला यंत्र बरोबर हाय," ते मोठ्यानं म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

मोठे साहेब लाल झाले होते. "हा काय तमाशा चाललाय?"

"तमाशा न्हाई सायेब. हजेरी हाय."

"कुणी अधिकार दिला तुम्हाला यांना बोलवायचा?"

"माज्या ताब्यातली मानसं हायती. हरवली तर हाका माराया कुनाचा अधिकार लागतो?"

इंजिनिअर मध्येच म्हणाला, "पण सगळ्यांची तारीख एकच कशी?"

हवालदार आवाराकडे वळले. "येक जूनवाले, हात वर!" सगळे हात वर गेले. आमच्या शिपायाचा गेला. हवालदारांचा स्वतःचा गेला. आमच्या साहेबांचासुद्धा अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथून टोपी सारखी करून खाली आला.

"आम्हाला हे कुणी सांगितलं नाही," इंजिनिअर म्हणाला.

"इचारलं कुनाला?" हवालदार म्हणाले.

त्या मुलाचं मला कौतुक वाटतं. त्यानं तिथंच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, लिहून दिलं की ही नावं चुकून वगळली गेली आहेत आणि दुरुस्ती होईपर्यंत जुनी कार्डं ठेवणं आवश्यक आहे. भागीदारानंच लिहून दिल्यावर मोठ्या साहेबांना बोलायला जागा राहिली नाही. मी संध्याकाळपर्यंत टाइप करत बसले. यंत्राच्या छापील यादीखाली माझ्या टाइपरायटरची वाकडी अक्षरं, आणि ती तशीच गेली. दोन्ही मानेंना बोलावणं आलं. मेंढरंवाला धावण्यात पुढं निघाला आणि लागला. गवंड्याचा मुलगा छातीच्या मापात बसला नाही. वाईट वाटलं, पण तो माणसांसमोर उभा राहून, माप देऊन परत आला होता.

यंत्र वाईट होतं असं मी आजही म्हणत नाही. त्यानं माझी बोटं वाचवली. पण काम दुसऱ्याला दिलं म्हणजे माणसंही देऊन टाकली, असं त्या मुंबईच्या लोकांना वाटलं होतं, त्याचा मला राग आहे. इतकी वर्षं झाली, तो गेलेला नाही. ज्यांना काढून टाकलं त्यांना एका पत्रानंसुद्धा कळवलं नव्हतं हो! माने स्वतः आला नसता तर त्याला कधी कळलंही नसतं की कागदावर तो दुसऱ्याच कुणाची तरी जादा प्रत आहे.

हवालदारांना मेमो आला. विनापरवाना उमेदवार जमवले, वरिष्ठांशी उद्धट वर्तन केलं, किल्ली दिली नाही. खुलासा द्या म्हणून लिहिलं होतं. हवालदारांनी खुलाशाच्या जागी त्या दिवशी हजर असलेल्यांची सगळी नावं लिहून काढली, आईच्या नावासकट, आणि खाली सही केली. पत्ते कुणी लिहिले असं चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी लिहिले. हवालदार माझ्यावर इतके भडकले की दोन दिवस बोलले नाहीत. "नोकरी नवी हाय तुमची. कुनी सांगितलं हुतं तोंड उगडायला?" मी म्हटलं, तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?

माझं समजपत्रावर, म्हणजे लेखी ताकिदीवर, भागलं. त्यांची बदली झाली. निवृत्तीला पुरतं वर्षही उरलं नव्हतं आणि सांगलीला बदली, शिक्षा म्हणूनच. आदेश घेऊन आमचे साहेब स्वतः आले, कागद स्टुलापाशी धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते. घर, शेत, बायको सगळं खटावात, आणि ह्या वयात खोली घेऊन राहायचं.

हवालदारांनी आदेश दोनदा वाचला. चष्मा काढला.

"बाई," ते म्हणाले, "सांगलीची मानसं गेली का वो कंपनीकडं?"

मी परिपत्रक काढून बघितलं. सांगलीची कार्डं पुढच्या महिन्यात उतरवायची होती. मुंबईत बदलीचा आदेश काढणाऱ्यानं ते परिपत्रक वाचलेलं दिसत नव्हतं.

"अजून नाही," मी म्हणाले.

आमचे साहेब घाईघाईनं म्हणाले, "रुजू व्हायला सात दिवसांची मुदत असते, हवालदार. निवांत जा. घरी जाऊन या."

हवालदारांनी कपाटांची किल्ली माझ्या हातात दिली, मफलर नीट गुंडाळला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बाई, सांगलीची दुपारची गाडी कितीला हाय?"